पिठाचा कोंबडा आणि रोलर कोस्टर



सुट्ट्या लागल्या की मंदिरातून परतताना एकच विषय असतो: मुलं संगणक सोडत नाहीत. आमचा नातू संगणकावर रोलर कोस्टर बांधतो, त्याचा व्हिडिओ करतो आणि यूट्यूबवर टाकतो. "वेळ वाया घालवतो, प्रमाद आहे हा," असं मला बऱ्याच जणी सांगतात. मला तसं वाटत नाही.

खरा रोलर कोस्टर पाहायचा तर राजूरहून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जावं लागतं. तिथला 'नायट्रो' 2013 मध्ये सुरू झाला, उंची सुमारे 40 मीटर. प्रवास आणि तिकिटं धरली तर सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही. कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांच्या आपल्या गावातलं पोर तसाच कोस्टर घरबसल्या उभा करतं. ना लोखंड लागतं, ना झाड तोडावं लागतं. इतक्या कमी परिग्रहाचा खेळ शोधून सापडणार नाही.

शिवाय डोकं लागतं. गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, पुढचा प्रवास त्या उंचीच्या जोरावर होतो. घर्षणात थोडा थोडा जोर जातो, म्हणून पुढचे चढ ठेंगणे ठेवावे लागतात. मी वाणिज्य शाखेची, मला हा हिशेब लगेच पटला: उंची हे भांडवल, घर्षण हा खर्च, उरलेल्या शिलकीत पुढचं भागवायचं. गाडी उलटी फिरते ते वेटोळं पूर्ण गोल नसतं, पाण्याच्या थेंबासारखं असतं, कारण गोल केलं तर खालून शिरताना माणसाच्या अंगावर फार भार येतो. क्रिस सॉयर यांच्या 1999 सालच्या 'रोलरकोस्टर टायकून' या खेळात तर पाळणा फार जहाल झाला की त्यातली चित्रातली माणसं बसायलाच नकार देतात.

माझी हरकत दुसऱ्या व्हिडिओंना आहे. मुद्दाम रूळ अर्धवट ठेवायचे, गाडी माणसांनी भरायची, ती उडून आपटली की हसायचं आणि तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवायचा. "आजी, ती खरी माणसं थोडीच आहेत," हे मुलांचं उत्तर ठरलेलं.

याचं उत्तर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. सोमदेवसूरींनी 959 साली पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक चंपू'तला राजा यशोधर आठवा. जिवंत प्राण्याचा बळी द्यायला तो तयार नव्हता. आईच्या, चंद्रमतीच्या, आग्रहाखातर त्याने पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता. मायलेकांना त्यापायी कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागले. पडद्यावरचा माणूस हा आजचा पिठाचा कोंबडा.

म्हणून गाडी आपटली की पाप, असं मात्र सरसकट म्हणू नका. याच खेळात आधी रिकामी गाडी चालवून पाहायची सोय असते. ती रुळावरून घसरली तर मुलगा चूक शोधतो, वळण सुधारतो. ती काळजी झाली. भरलेली गाडी गंमत म्हणून आपटवणं हे अपध्यान, म्हणजे अनर्थदंडच. घटना एक, भाव दोन.

व्हिडिओ पाठवण्याचाही विचार व्हावा. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींनी कर्म बांधलं जातं हे आपण जाणतो. स्वतः न बनवलेला असा व्हिडिओ हसून आवडला म्हणणारी, पुढे ढकलणारी व्यक्तीही त्यात वाटेकरी होते. यात आपणही आलो, घराच्या ग्रुपवर आलेलं न पाहता पुढे पाठवणाऱ्या.

तेव्हा मुलांच्या हातून संगणक काढून घेण्याआधी शेजारी बसून त्यांनी बांधलेला कोस्टर बघा. पहिला चढ एवढा उंच का ठेवला, विचारा. चांगला असेल तर नातेवाइकांना आवर्जून पाठवा, चांगल्या कामाचीही अनुमोदना होतेच. आपटाआपटीचा व्हिडिओ मात्र आमच्या घरातून बाहेर जात नाही, आणि आत आला तर तिथेच पुसला जातो. यशोधराची गोष्ट सांगितल्यावर नातवाने हा नियम वाद न घालता मान्य केला. तुमच्या घरीही सांगून बघा.