कर्ज काढण्याआधी बोर्दो बघा

नवीन दुकान टाकणारे मला एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, इंटिरिअरसाठी कर्ज काढू का?" माझं मत: लगेच नको. आणि का नको, ते फ्रान्समधल्या बोर्दो शहरात छान कळतं.

गारोन नदीवरचं हे जुनं बंदर. वाइनच्या व्यापारासाठी जगभर नाव. अठराव्या शतकात इथे बक्कळ पैसा आला (गुलामांच्या व्यापाराचाही, हे विसरू नका) आणि नदीकाठी फिकट पिवळ्या दगडाच्या देखण्या इमारतींची रांग उभी राहिली. प्लास द ला बूर्स हा चौक त्यातलाच.

पण 1990 च्या आसपास तुम्ही तिथे गेला असतात तर? दगड काजळीनं काळे पडलेले. बंदराचं काम खाली समुद्राकडे सरकलेलं, पण जुनी गोदामं काठावर तशीच. नदीच्या गावात नदी दिसेना! थोडक्यात, माल एक नंबर, पण शटरसमोर रिकाम्या खोक्यांचा ढीग.

1995 नंतर शहरानं आधी हेच आवरायला घेतलं. बरीचशी गोदामं पाडली, दगड धुऊन काढले. 2003 मध्ये ट्राम आणली, तीही जुन्या भागात डोक्यावर वायरी न ओढता. वीज जमिनीतल्या रुळातून. 2006 मध्ये त्या चौकासमोर ग्रॅनाइटवर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी खेळवलं आणि अख्खी इमारत त्यात उलटी दिसायला लागली. लोक तिथे अनवाणी पाणी तुडवत फोटो काढतात. 2007 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

खर्च झालाच, ट्राम काही फुकट येत नाही. पण शोभा जुन्याच इमारतींची आहे. आता तुमच्या दुकानासमोर रस्ता ओलांडून उभे राहा. बोर्डातली बंद ट्यूब, फाटका फ्लेक्स, पायरीवरची पोती, लोंबणाऱ्या वायरी. हे काढायला कर्ज लागत नाही, एक रविवार लागतो. महिनाभर गल्ला बघा, मग फॉल्स सीलिंगचं बोलू.

एक मात्र आहे. बोर्दो चकाचक झालं, 2017 पासून पॅरिसहून दोन तासांत रेल्वे यायला लागली, आणि घरांचे भाव भडकले. तेव्हा गाळा भाड्याचा असेल तर रंगाचा डबा आणायच्या आधी भाडेकरार काढून किती वर्षं उरलीत ते बघा.