घोषणेत न बसणारा किल्ला

आमच्या भाच्याने हायडेलबर्ग एका दिवसात बघितलं. सकाळी स्टेशनवर उतरला, संध्याकाळच्या गाडीने परत फिरला आणि मधल्या वेळात त्याला युरोपचा आत्मा सापडला. सापडल्याचा व्हिडिओ लगेच घरच्या ग्रुपवर पडला. सुरुवात 'हाय गाईज'! गाईज म्हणजे कोण, तर मी, त्याची आई, बार्शीची मावशी आणि कानाने अधू असलेले तात्या.

पोरगं गुणी आहे. परंड्यातून निघालं, लातूरला घासलं, पुण्यात इंजिनियर झालं आणि बापाच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून एमएस करायला जर्मनीला गेलं. त्याने हिंडावं, फोटो काढावेत, दिवाळी अंकात प्रवासवर्णनसुद्धा लिहावं, आपण सोसू. पण व्हिडिओतलं एक वाक्य मला काही गिळवेना. 'मामा, इथं प्रत्येक दगडाला हिस्टरी आहे.' हे कोण बोलतंय? ज्याच्या घरापासून परंड्याच्या किल्ल्याचा खंदक हाकेच्या अंतरावर आहे, तो. आमच्या दगडांना बहुतेक भूगोल असावा.

आता त्याचा तो पुण्यवान दिवस जरा बारकाईने बघू. नेकार नदीवर जुना दगडी पूल आहे, 1788 सालचा. पुलाच्या तोंडाशी एक कांस्याचं माकड, हातात आरसा. आरशाला हात लावला की धनलाभ, माकडाच्या पसरलेल्या बोटांना लावला की हायडेलबर्गचं पुनर्दर्शन, आणि शेजारच्या कांस्याच्या उंदरांना लावला की भरपूर पोरंबाळं. भाच्याने रांग लावून आरशाला हात लावला, बोटांना लावला. उंदरांना नाही लावला. एमएसची फी आठवली असणार. हाच भाचा, आजी सोनारीच्या भैरवनाथाला नवस बोलली तेव्हा 'सुपरस्टिशन!' म्हणून ताटावरून उठला होता. सोनारी आमच्याच तालुक्यातली आणि माकडांसाठीच प्रसिद्ध. तिथली माकडं जिवंत आहेत, हातातलं खोबरं हिसकावून घेतात, हा त्यांचा दोष. हायडेलबर्गचं माकड 1979 साली बसवलेलं आहे, म्हणजे वयाने माझ्याहून धाकटं. पण ते परदेशी असल्यामुळे त्याला हात लावणं हा 'कल्चरल एक्सपीरियन्स'.

पुढे विद्यापीठ. 1386 चं, मान्य, साष्टांग नमस्कार. दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांना डांबायला त्या विद्यापीठाची स्वतःची कोठडी होती आणि ती 1914 पर्यंत चालू होती. आत पडलेल्या पोरांनी भिंती, जिने, छत, सगळं नावांनी आणि चित्रांनी भरून टाकलं. ते खरकटं बघायला आज तिकीट आहे. भाचा भारावला. 'किती जिवंत वाटतं मामा!' आता परंड्याच्या बुरुजावर कुणा मजनूने बाण मारलेला बदाम कोरला, तर हाच गृहस्थ 'आपल्या लोकांना सिव्हिक सेन्स नाही' म्हणून तीन परिच्छेद लिहितो. बदामाची वकिली मी करणार नाही, त्या हातावर छडीच पाहिजे. मला फक्त मुदत कळावी. किती वर्षांनी उनाडपणाचा वारसा होतो, आणि त्याचं तिकीट कोणी फाडायचं?

पण खरी मौज त्याने ज्याच्यासमोर दोन्ही हात पसरून फोटो काढला त्या पडक्या किल्ल्यात आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या भावजयीच्या माहेरच्या इस्टेटीवर हक्क सांगितला. भावजयीची स्वतःची तशी इच्छाही नव्हती, पण आपल्याकडे तरी वाटणीच्या दाव्यात सुनेला कोण विचारतं? 1689 मध्ये आणि मग 1693 मध्ये फ्रेंच फौजांनी शहर जाळलं आणि किल्ल्याला सुरुंग लावले. उरलेल्यावर 1764 मध्ये वीज पडली. मग गावकरी घरं बांधायला त्याचे दगड नेऊ लागले. म्हणजे अगदी आपल्यासारखीच माणसं. आणि 1810 च्या सुमारास हे थांबवायला, अवशेषांची चित्रं काढून जगभर कौतुक करवायला कोण उभा राहिला? शार्ल द ग्रेंबेर. देशोधडीला लागलेला एक फ्रेंच सरदार! फ्रेंचांनी पाडला, फ्रेंचाने वाचवला, जर्मन तिकीट घेतात. कुणाचं नाक कापलं गेलं नाही, कुणाची अस्मिता रस्त्यावर टायर जाळायला उतरली नाही. पुढे 1900 च्या आसपास तो पुन्हा नवा बांधावा का यावर मोठा वाद झाला. गेओर्ग डेहिओ नावाच्या पंडिताने बजावलं की मोडका आहे तो मोडकाच नीट सांभाळा. बराचसा तसाच ठेवला. आमच्याकडे असता तर 'सुशोभीकरण' झालं असतं: पेव्हर ब्लॉक, बंद कारंजं आणि सात पुढाऱ्यांची नावं असलेला संगमरवर. तो एकच दगड मात्र आमच्याकडे भरभरून बोलतो.

आता आमच्या परंड्याकडे या. भुईकोट किल्ला, दुहेरी तट, भोवती खंदक. परंपरेने तो महमूद गावानच्या नावावर आहे. हा इराणातल्या गिलानचा, बहमनींचा वजीर. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा निजामशाही संपली असं अकबराला वाटलं. ती संपू दिली नाही मलिक अंबरने. आफ्रिकेत जन्मलेला, बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम. त्याने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून काढला, त्याला मुर्तजा म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली, आणि राजधानी केली परंडा. होय, हेच. जिथल्या स्टँडवर बार्शीची गाडी कधी येणार हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, ते परंडं काही वर्षं एका राज्याची राजधानी होतं.

आणि तोफ! 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीने ओतलेली मुलूखमैदान, वजन सुमारे 55 टन, तोंड सिंहाच्या जबड्याचं. ती परंड्यात होती. 1632 मध्ये मुरार जगदेव या आदिलशाहीच्या ब्राह्मण कारभाऱ्याने ती इथून ओढत विजापूरला नेली. रूमी ओततो, निजामशहा मिरवतो, ब्राह्मण मुत्सद्दी आदिलशहासाठी पळवतो, आणि ओढणारे बैल बहुधा आमच्याच शिवारातले. तोफ गेली तरी किल्ला ढिम्म. 1634 मध्ये शहाजहानचा शहजादा शुजा वेढा घालून बसला आणि पावसाळ्याच्या तोंडावर हात हलवत परत गेला. शेवटी 1660 मध्ये किल्लेदार गालिबने न लढता तो मोगलांच्या हवाली केला. बुरुज पडले नाहीत, माणूस पडला. हे तर आजही वर्तमानपत्रात छापता येईल, फक्त किल्ल्याच्या जागी पक्ष लिहावा.

बघा, कसला मसाला आहे! आणि आता मूळ दुखण्यावर येतो. या किल्ल्यावर घोषणा कोणती द्यायची? इराणी वजिराची? हबशी गुलामाची? मुरारपंतांची जय म्हणावं तर ते आदिलशहाचे चाकर. शुजाला पिटाळल्याचा विजयोत्सव करावा तर पिटाळणारेही सुलतानाचेच. आतली मशीद बघावी तर खांब मंदिराच्या वळणाचे. एक गट आत शिरतो तो खांब मोजायला, दुसरा शिरतो तो खांबांकडे पाठ करून. दोघेही बाहेर पडतात ते आपापल्या खात्रीसकट. मधल्या काळात इथे लोक राहिले, पाणी शेंदलं, तोफा ओतल्या, पगार थकले म्हणून कुरकुरले, याच्याशी दोघांनाही काडीचं देणंघेणं नाही.

आमच्या तालुक्यात जाज्वल्य इतिहासाचे व्याख्याते कमी नाहीत. फेटा, शाल, माईक, आणि 'अरे' ने सुरू होऊन 'होऽऽ' ने संपणारी वाक्यं. सतरा सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनाला एक भाषण, शिवजयंतीला दुसरं. त्यांच्यातल्या एकाला मी सरळ विचारलं, 'सर, परंड्यावर का बोलत नाही?' सर म्हणाले, 'त्यात प्रेरणादायी काही नाही ओ.' प्रेरणादायी! म्हणजे इतिहास हा सरांच्या लेखी शक्तिवर्धक काढा आहे. ज्यात आपला पक्ष जिंकत नाही तो इतिहासच नव्हे. जिल्ह्याचं नाव काय असावं यावर सर तीन तास बोलतील. जिल्ह्यातल्या बुरुजावर उगवलेल्या पिंपळावर तीन मिनिटंही नाही. पिंपळाला धर्म चिकटवता येतो, पण तो उपटायला मजूर लागतो.

आणि आमचा भाचा या सरांचाच शिष्य, हे विसरू नका. लुईच्या भावजयीची भानगड ऐकताना त्याला मजा येते, कारण तिथे त्याची बाजूच नाही. तिथे तो निर्धास्त प्रेक्षक. इथे आला की त्याला आधी 'हा किल्ला आपला की त्यांचा' हे ठरवायचं असतं, आणि ते ठरेना की तो मोबाईल काढून बसतो. उलट त्याच हायडेलबर्गात, ज्या विद्यापीठाच्या दारात याने सेल्फी काढला तिथे, गुंथर सोंथायमर नावाचा प्राध्यापक होता. 1992 मध्ये वारला. आयुष्यभर तो महाराष्ट्रातल्या धनगरांमागे हिंडला, ओव्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर 1976 मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. भाच्याला मी फोनवर विचारलं, 'सोंथायमर माहितीय का रे?' म्हणाला, 'मामा, कुठल्या कंपनीत?'

मागच्या सुट्टीत त्याला धरून किल्ल्यात नेलं. बुरुजावर तोफ होती, तिच्यावर एक शाळकरी पोरगं घोड्यासारखं बसलेलं. त्याने तोफेच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला, काहीतरी लागलं म्हणून चेहरा उजळला, आणि बाहेर काढली गुटख्याची पुडी. भाचा म्हणाला, 'बघितलंत? म्हणून मी म्हणतो, तिकडे बघा.' मी म्हणालो, 'तिकडे बघतोच आहे. मुलूखमैदान इंग्रजांनी 1854 मध्ये लिलावात काढली होती. सर्वांत मोठी बोली 150 रुपये. लिलाव रद्द झाला म्हणून ती आज विजापूरला आहे. तुझ्या साहेबांचं वारसाप्रेम त्या भावाचं होतं.' त्याने तो आकडा लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतला. पुढच्या व्हिडिओला कामाला येईल म्हणे. म्हणजे पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

परवा शेजारच्या शाळेच्या शैक्षणिक सहलीचा कागद हातात आला. ज्योतिबा, पन्हाळा, कोल्हापूर आणि शेवटच्या दिवशी वॉटर पार्क. पोहण्याचे कपडे सोबत आणावेत. गुरुजींना म्हटलं, 'परंड्याचा किल्ला कुठंय यात?' गुरुजी म्हणाले, 'तो काय, आपलाच आहे की. कधीपण बघू.' माझ्या वडिलांनाही त्यांच्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं. बस पहाटे पाचला निघते. किल्ला डाव्या हाताला लागेल, पण पोरं तोवर उजव्या खिडकीवरून भांडत असतील.