तुणतुणं कुणासाठी?

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. सव्वादहा महिने देव अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गात, अशी दोन्ही गावांची जुनी वाटणी. देव कुठंही असला तरी आमच्याकडे जागरण मात्र बारमाही. लग्न झालं की अंगणात वाघ्या-मुरळी आलेच.

चुलतभावाच्या घरचं जागरण मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पहाटे लंगर तुटल्यावर चहा पिता पिता ते सगळ्यांना ऐकवलं. दिमडी कडाडत होती, मुरळीच्या हातातली घाटी खणखणत होती, तुणतुणं मात्र औषधालासुद्धा नाही. तुणतुणेवाले मामा रात्रभर तार छेडत बसले होते, म्हणून मला वाईट वाटलं. म्हटलं, "मामा, तुमचं तर काहीच आलं नाही यात."

मामांनी बशी खाली ठेवली. "तुला कशाला यायला पाहिजे? ते आमच्यासाठी हाय."

मी इतकी वर्षं तुणतुण्याला गरिबाचं वाद्य समजत होतो. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, बांबूची काठी, एक तार आणि एक खुंटी. मांडलेल्या गाण्यात भर घालायची त्याची ऐपत नाही, हे खरंच. पण ते काखेत धरलं की तारेची थरथर बरगडीतून अंगात शिरते, आणि दिमडीच्या दणक्यातही गाणाऱ्याला आपला सा सापडतो. अंगणातल्या दोनशे माणसांना जे ऐकू येत नाही, त्याच्यावर त्यांना ऐकू येणारं गाणं उभं असतं.

गाणाऱ्याची पंचाईत अशी की स्वतःचा आवाज त्याला कधी धड ऐकूच येत नाही. तोंडातून निघालेला आवाज पुढे जातो. त्यातली धार तर सरळ समोरच जाते, बाजूच्या कानांकडे फारशी वळत नाही. उलट कवटीच्या हाडांतून आतल्या आत येणारा आवाज खर्जाकडे झुकलेला, भरदार. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये आपलाच आवाज चिरका वाटतो आणि आपण मोबाइलला शिव्या देतो. शाहीर कानाशी हात धरतो तो रुबाबासाठी, असं लहानपणी वाटायचं. (थोडा रुबाबही असतोच.) पण त्या तळव्यावरून त्याचा आवाज वळून कानात येतो.

तंबोरे गवयाच्या मागे बसतात, तेही त्याच्या कानांशी. संगीत नाटकात साथ रंगमंचाच्या पुढ्यात, नटाकडे तोंड करून बसायची. बालगंधर्वांच्या पुढ्यात तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष! प्रेक्षकांच्या वाट्याला ते आले, पण आधी गंधर्वांच्या कानांत जाऊन. एवढ्या तोलामोलाची माणसं आपल्या कानांसाठी पुढ्यात बसवता आली, म्हणजे काय श्रीमंती ती.

पखवाजाचं तर मला हसू येतं. त्याची दोन्ही तोंडं डावीउजवीकडे, श्रोते समोर. कणिक लावलेल्या धुमेचा घुमार वाजवणाऱ्याच्या मांडीला जितका कळतो तितका पहिल्या रांगेलाही कळत नसेल.

एका यात्रेत मी भजनाला उभा होतो. स्पीकरवाल्याने कर्णे लांब खांबांवर बांधले होते आणि आमच्याकडे तोंड केलेला एकही डबा ठेवला नव्हता. त्याचं म्हणणं, पब्लिकला ऐकू आलं म्हणजे झालं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. कर्णा 50 मीटरवर असला तर आपलाच शब्द सेकंदाच्या सातव्या हिश्शाइतका उशिरा परत येतो. ऐकायला किरकोळ. पण द्रुत लयीत मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर एका मात्रेला अर्धा सेकंद. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मागे. मी कर्ण्यातल्या माझ्यासाठी थांबायचो, टाळकरी माझ्यासाठी थांबायचे. अभंग रांगत रांगत गेला. खाली उतरल्यावर लोक म्हणाले, आवाज एकदम क्लिअर होता.

परवा पुन्हा जागरण होतं. या वेळी मोबाइल खिशात ठेवला आणि घोंगडीच्या कडेला मामांच्या काखेशी जाऊन बसलो. तुणतुणं स्वच्छ ऐकू आलं, एका श्वासातही न तुटणारं. मुरळी काय म्हणत होती ते मात्र मला बायकोला विचारावं लागलं. ती अंगणाच्या पार टोकाला बसली होती.