कार विकून बुलेट घ्यायची? माझं उत्तर नाही असंच आहे

मुक्काम पोस्ट तेजपूर, आसाम.

मागच्या वेळी ब्रह्मपुत्रेच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. आज जरा भांडायचं आहे.

आमच्या पलटणीत सांगलीकडचा एक नायक आहे. कामाला चोख, बोलायला गोड. फॅमिली क्वार्टर मिळालंय, बायको आणि तीन वर्षांची मुलगी इथेच आहेत. दारात एक जुनी, छोटी, पांढरी कार. दोन वर्षांपूर्वी रजेवर असताना घेतली आणि पुढे रेल्वेने इथे आणली. परवा संध्याकाळी रोल कॉल झाल्यावर जवळ आला.

"साहेब, कार विकतोय."

"का रे? काही अडचण?"

"अडचण नाही साहेब. बुलेट घेतोय. साडेतीनशे. इथून तवांग काय लांब आहे?"

मी विचारलं, "आजवर मोटरसायकल किती चालवलीस?" तर म्हणाला, "गावाकडे काकांची चालवायचो कधीमधी. पण साहेब, कार सात वर्षं चालवतोय की."

हा लेख त्या "चालवतोय की" वर आहे. कारण हे एकट्याचं खूळ नाही. गेल्या चार पोस्टिंगमध्ये हाच संवाद मी किमान दहा जणांशी केलाय. प्रत्येकाची कारणं तीच: पेट्रोल वाचतं, ट्रॅफिकमध्ये अडकत नाही, फौजी माणसाला मोटरसायकलच शोभते. म्हणून एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्याला नुसती लिंक पाठवता येईल.

आधी एक स्पष्ट करतो. ज्याच्याकडे दुचाकीशिवाय दुसरं काही नाही, त्याच्याशी माझा वाद नाही. आपला निम्मा देश दुचाकीवर चालतो. दूधवाला, शिक्षक, शेतावर जाणारा, सगळे. माझे वडीलही शंभर सीसीवर बायको-पोरांना घेऊन बाजाराला जायचे. पण ते हौसेने नव्हे. चार पैसे जमल्याबरोबर त्या पिढीने पहिली कुठली वस्तू घेतली असेल तर चारचाकी. दारात नारळ फोडला, झेंडूची माळ घातली. माझा वाद आहे तो दारातली चारचाकी विकून, कधी धड न चालवलेल्या दोनशे किलोच्या यंत्रावर सगळं घर बसवू पाहणाऱ्याशी.

आता एकेक कारण घेऊ.

पहिलं, पैसा. मी त्याला कागद-पेन घेऊन बसवलं. महिन्याला त्याची गाडी फार तर पाचशे किलोमीटर फिरते. कार लिटरला वीस देते, म्हणजे पंचवीस लिटर. साडेतीनशेची मोटरसायकल पस्तीस देते असं धरू, म्हणजे साधारण साडेचौदा लिटर. फरक साडेदहा लिटरचा. शंभराच्या भावाने हजार-अकराशे रुपये महिना. आता दोन चांगली हेल्मेट, एक जाकीट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि रेनकोट धरा. वीस-पंचवीस हजार सहज जातात. म्हणजे पहिली दोन वर्षं तू पेट्रोलमध्ये वाचवलेलं अंगावर घालून फिरणार. आणि नवी मोटरसायकल घ्यायलाही मोठी रक्कम लागते. जुन्या कारचे तेवढे आले तरी नशीब. खरंच पैशाचा प्रश्न असता तर लिटरला साठ देणारी शंभर सीसी घेतली असतीस. तिचं नाव एकदाही निघालं नाही. तेव्हा पैशाचं कारण बाजूला ठेवू. हौस आहे असं सरळ म्हण, हौस असणं गुन्हा नाही.

दुसरं, "कार सात वर्षं चालवतोय." हेच सगळ्यात घातक. कार चालवलेल्या माणसाला रस्ता कळतो, सिग्नल कळतो, समोरच्याचा अंदाज कळतो, इथवर मान्य. पण त्याच्या हातापायांना लागलेल्या सवयी चारचाकीच्या असतात. कारमध्ये ब्रेक एकच, उजव्या पायाखाली. मोटरसायकलवर थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं. आणि नवा माणूस घाबरला की हमखास पाय दाबतो. मागचं चाक घसरतं आणि गाडी आडवी. कारमध्ये वळणावर वाळू आली तर स्टिअरिंग जरा हलतं. मोटरसायकलवर तीच वाळू तुला रस्त्यावर झोपवते. ओला रंगाचा पट्टा, सांडलेलं डिझेल, शेणकाला, पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी, यातलं काहीही कारवाल्याच्या नजरेला कधी पडलेलंच नसतं. सात वर्षांच्या अनुभवाने तुला वेगाची भीती राहिलेली नाही, आणि हातात कसब मात्र पहिल्या दिवसाचं. अगदी नवशिका निदान घाबरून हळू तरी चालवतो.

साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर गाय दिसली, डोक्याने ओळखली, हात ब्रेककडे गेला, यात एक सेकंद गेला तरी सतरा मीटर संपले, ब्रेक अजून लागायचाच आहे. बालिपारा ते भालुकपोंग रस्त्यावर संध्याकाळी गाई बसलेल्या असतात, वाळूचे ट्रक असतात, चहाच्या बागेतून दिवा नसलेला ट्रॅक्टर बाहेर येतो. पुढे डोंगर लागला की धुकं आणि दरडीची माती. सेलाचा बोगदा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि बर्फातली अडचण बरीच कमी झाली. पण बोगद्यापर्यंतचा घाट चढायचा राहतोच. ही शिकायची जागा नव्हे.

तिसरं, आकडे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस. कार, टॅक्सी वगैरे हलक्या वाहनांतली साडेबारा. आता कोणी म्हणेल, दुचाकी जास्त आहेत म्हणून मेलेलेही जास्त. बरोबर आहे, म्हणून या एका आकड्यावर मी निकाल देत नाही. पण एवढं तरी मान्य करा की कारमध्ये तुमच्या आणि ट्रकच्या मध्ये पत्रा असतो, पट्टा असतो. मोटरसायकलवर मध्ये फक्त शर्ट असतो.

त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. लगेच तुम्ही म्हणाल, "मग हेल्मेट घालतो की!" घालाच. पण उरलेल्या पंचवीस हजारांचं काय? हेल्मेट डोकं वाचवतं, छाती आणि मांडी वाचवत नाही.

चौथं, "फौजी आणि मोटरसायकल". हे ऐकलं की मला हसू येतं. मी स्वतः उमेदीच्या वर्षांत डीआर होतो, म्हणजे डिस्पॅच रायडर. डाक घेऊन फिरायचो. प्रजासत्ताक दिनाला सिग्नल कोरचे डेअरडेव्हिल्स मोटरसायकलवर मनोरे करतात ते तुम्ही टीव्हीवर पाहता. पण त्यामागे किती महिन्यांचा घाम असतो ते दिसत नाही. फौज कोणाला "कार येते ना, मग ही घे चावी" असं म्हणत नाही. आधी मैदान, मग उस्ताद, मग टेस्ट, मग रस्ता. आणि एवढं करूनही मी एकदा आमच्याच गेटसमोर, संत्र्यादेखत, खडीवर आडवा झालो होतो. वेग होता वीसचा.

हा धडा फौजेने फार महाग शिकलाय. टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणतं, तो मोटरसायकलचा वेडा होता. मुरलेला रायडर, एकामागून एक ब्रफ सुपिरिअर वापरलेल्या. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरची दोन मुलं अचानक समोर आली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे महायुद्धात फौजी मोटरसायकलस्वार डोक्याला मार लागून मरताना पाहून त्यांनी अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि त्याच वर्षाअखेर ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. युद्ध चालू असताना! शत्रूच्या गोळीआधी रस्ता माणसं मारतोय हे लक्षात आलं म्हणून.

आणि हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. काही वर्षांपूर्वी आमचा एक जवान रजेवर गेला आणि परत आला नाही. नवी मोटरसायकल, तिसरा आठवडा, रात्रीची वेळ. सामानाची पेटी घेऊन त्याच्या घरी जायची ड्यूटी माझी होती. त्याच्या वडिलांनी मला एकच विचारलं, "साहेब, कागदावर काय लिहिलंय?" फौजेच्या कागदावर दोन प्रकार असतात, बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. तो दुसऱ्यात होता. मी ते वाचून दाखवलं. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. ओसरीवर नवं हेल्मेट होतं, वरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सीमेवर दोन टेन्युअर करून आलेला पोरगा होता तो.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. कार विकायची हा निर्णय चालवणारा एकटा घेतो, पण विकल्या जातात त्या मागच्या सीटा. मोटर वाहन कायद्याचं कलम १२८ म्हणतं, दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस. म्हणजे कार गेल्यावर हा, बायको आणि मुलगी असे तिघं कायद्याने एकत्र बाजारालासुद्धा जाऊ शकत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलाला न्यायचं तर केंद्राच्या नियमाप्रमाणे सेफ्टी हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग चाळीसच्या आत. मी त्याला विचारलं, "मुलीला रात्री ताप आला, बाहेर पाऊस, तर एमएचला कसा नेणार?" आसामात पाऊस म्हणजे काय ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको. एप्रिलमध्येच वादळं सुरू होतात आणि सप्टेंबर उजाडला तरी रेनकोट वाळत नाही. तो म्हणाला, "शेजारच्यांची कार आहे." म्हणजे हौस तुझी आणि भार शेजाऱ्यावर!

मग मोटरसायकल घ्यायचीच नाही का? घ्या. पहाटेच्या गार हवेत रिकाम्या रस्त्यावर इंजिनाचा तो ठोका मला आजही आवडतो. माझा विरोध मोटरसायकलला नाही, "बदल्यात" या शब्दाला आहे. कार राहू दे. जुनी सव्वाशे-दीडशे सीसीची घे, पडली तरी उचलता येईल अशी. आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं हेल्मेट घे, आणि मागे बसणाऱ्यालाही तसंच. सव्वाशेच्या वरची घेणार असशील तर एबीएस बघूनच घे. एक पूर्ण वर्ष चालव, त्यात एक उन्हाळा, एक पावसाळा, एक धुक्याचा हिवाळा येऊ दे. पहिले तीन महिने मागे कोणी नाही, रात्र नाही, हायवे नाही. वर्षानंतरही कार विकावीशी वाटली तर बायकोला विचार आणि खुशाल विक.

"दोन्ही परवडत नाहीत साहेब," तो म्हणाला. हे खरं कारण आहे आणि मी ते उडवून लावणार नाही. पण दोन्ही परवडत नसतील तर तुझं उत्तर "थांब" असं आहे, "विक" असं नाही. एकटा असतास, क्वार्टरऐवजी बराकीत राहत असतास, तर मी फक्त शिकून घे म्हणालो असतो.

गेल्या रविवारी सकाळी सहाला त्याला मैदानावर बोलावलं. माझी जुनी मोटरसायकल दिली. चुन्याच्या दोन रेघा मारल्या, मध्ये सोळा पावलं. चाळीसच्या वेगाने यायचं, पहिल्या रेघेवर ब्रेक, दुसरी ओलांडायची नाही. पहिल्यांदा तो आठ पावलं पुढे गेला. दुसऱ्यांदा मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी झाली, पाय टेकवून कसाबसा सावरला. तिसऱ्यांदाही रेघ मागेच राहिली. खाली उतरून तो दुसऱ्या रेघेपाशी गेला आणि किती पावलं जास्त झाली ते स्वतः मोजलं. मी काही बोललो नाही.

कार अजून विकलेली नाही. येत्या रविवारी परत येतो म्हणालाय.