वीस वर्षांचा हप्ता, नव्वद दिवसांची नोटीस

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी रात्री साडेदहाला माझ्या मेहुणीचा मुलगा घरी आला. वय चौतीस, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी, वाकडला कर्जाने घेतलेला फ्लॅट. हातात गृहकर्जाची फाईल होती. "काका, नोकरी सोडली तर बँक किती महिने थांबते हो?" एवढेच त्याने विचारले. झोप लागत नाही, रविवारी दुपारपासून पोटात गोळा येतो, पूर्वी तासाभरात होणारे काम आता दिवसभर संपत नाही, हे सारे नंतर तुकड्यातुकड्याने बाहेर आले. "सोडवत नाही आणि करवतही नाही. काढून टाकलं तर, म्हणून रात्री अकरापर्यंत बसतो," तो म्हणाला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस. त्याच्या नेमणूकपत्रातली नोटीसही नव्वद दिवसांचीच. हा योगायोग त्याने आधीच टिपून ठेवला होता.

त्याची धास्ती मनाचे खेळ नव्हेत. जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सीने जगभरातले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा इतर कंपन्यांतल्या लोकांचीही झोप उडाली. टाटांचे नाव म्हणजे पेन्शन नसलेली सरकारी नोकरी, असे मानणारी पिढी आमची! त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितले होते आणि जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे विधान गाजले होते. माणसे कमी आणि तास जास्त, असा हा हिशेब आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआऊट'ची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, नोकरीच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची लक्षणे तीन: पराकोटीचा थकवा, कामाविषयी तुटलेपण आणि घटलेली कार्यक्षमता. यातले तिसरे लक्षण नोकरदाराच्या मुळावर येते. उसाचे चिपाड व्हावे तसा माणूस पिळून निघतो, काम मंदावते, वार्षिक मूल्यमापनात खालची श्रेणी मिळते, आणि जी भीती होती ती खरी ठरायला लागते. भीतीपोटी तो आणखी दोन तास बसतो. अशा माणसाला कंपनी शनिवारी सकाळी योगवर्ग ठेवते. योगाशी माझे भांडण नाही, पण शनिवारी त्याला झोपू द्यायला काय हरकत आहे?

आम्ही बँकवाले सुखी होतो, असे म्हणण्याचा मोह मला होतो, तो खोटा आहे. 2000-01 साली सरकारी बँकांत ऐच्छिक निवृत्ती योजना आली. वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षे असेल तर अर्ज करता येत असे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार. उरलेल्या नोकरीचा पगार त्याहून कमी भरत असेल तर तेवढाच. देशभरात लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. आमच्या शाखेतून अकरापैकी चार गेली; त्यांची टेबले गेली, काम राहिले. पुढली दोन वर्षे मी रात्री नऊच्या आधी घर पाहिले नाही. मागे उरलेल्यांत कुजबुज एकच: पुढची यादी कधी? मीही तो अर्ज भरला होता. सही केली, आणि खणात ठेवून दिला. कारण माझ्याही डोक्यावर घराचे कर्ज होते; बँकेचेच, कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या व्याजाचे. फरक एवढाच की मला कोणी सकाळी बोलावून दुपारी संगणक काढून घेऊ शकत नव्हते. शीण होता, पण तो रजा काढून घालवता येत होता.

पुढे मी कित्येक वर्षे अशीच गृहकर्जे मंजूर केली. अर्जदाराकडून मागत काय होतो? तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि दोन वर्षांचे फॉर्म 16. त्यावर कर्ज द्यायचे वीस वर्षांचे. अल्पमुदतीच्या ठेवींवर दीर्घमुदतीची कर्जे दिली की बँकेची झोप उडते. त्या विसंगतीवर देखरेख करायला आमच्याकडे स्वतंत्र समिती असे. तीच विसंगती नोकरदाराच्या गळ्यात बांधताना आम्ही पेढे घेत होतो.

भाच्याचे कर्ज साठ लाखांचे. साडेआठ टक्के, वीस वर्षे, हप्ता सुमारे 52 हजार. पाच वर्षांत त्याने 31 लाखांवर रक्कम भरली आहे आणि मुद्दल कमी झाले ते जेमतेम सात लाख. त्याच्याकडे दहा लाख शिल्लक आहेत. अशा वेळी सगळे सल्लागार सांगतात की रक्कम कर्जात भरा आणि मुदत घटवा, व्याज वाचेल. हिशेबाने ते बरोबर आहे. मी मात्र त्याला उलटे सांगितले. आधी सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च ठेवीत बाजूला टाक. उरेल ते कर्जात भर, पण मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बंद केला आहे. व्याज थोडे जास्त जाईल, जाऊ दे. ज्याला उद्याच्या पगाराची खात्री नाही त्याला दर महिन्याची गरज लहान हवी. वरिष्ठांना 'आज जमणार नाही' म्हणण्याचे बळ बरेचसे तिथून येते.

कायद्याकडून फार आशा नको. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. शिवाय पर्यवेक्षकाचे काम आणि अठरा हजारांवर वेतन असेल तर 'कामगार' या व्याख्येतूनच माणूस बाहेर. भाच्याच्या हाताखाली चौघे आहेत.

बँकिंगमधला एक नियम मात्र उचलण्याजोगा आहे. संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्या काळात ईमेल वगळता कामाच्या कोणत्याही यंत्रणेला त्याचा हात लागता कामा नये. हेतू त्याच्या आरोग्याचा नाही, तो जागेवर नसताना त्याने केलेला घोटाळा उघडकीस यावा हा आहे! पण रजा मागावी लागत नाही, ती घेतली म्हणून नाव कुठे टिपले जात नाही, आणि आपल्यावाचून शाखा चालते हे माणसाला कळते. घोटाळेबाजाला पकडण्यासाठी जे करता येते ते दमलेल्यासाठी का करता येऊ नये, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

भाच्याने हप्ता कमी करण्याचा अर्ज बँकेत दिला. रजेचा अर्ज तयार आहे, पण तो पाठवलेला नाही. तिमाही संपू दे, म्हणतो.