कोपराचा फोटो आणि दोन मते



पोर जिन्यावरून हातावर पडते, कोपर सुजते, फोटो काढला जातो. एक डॉक्टर म्हणतात प्लास्टर पुरे, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून तारा घाला. मग घरात बोलणे सुरू होते, 'दोघांतला एक लुबाडतोय.' आणि पोराला नेतात हाडवैद्याकडे. लुबाडणूक होतच नाही असे मी म्हणत नाही. पण दोन प्रामाणिक डॉक्टरांचेही येथे दुमत होते.

कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडते, त्याचे गार्टलँड या डॉक्टरांनी १९५९ साली तीन प्रकार पाडले. पहिल्यात हाड जागेवर असते, प्लास्टरने भागते. दुसऱ्यात ते मागे झुकते, पण मागची कड शाबूत असते. तिसऱ्यात तुकडे पूर्ण सुटतात, तेव्हा बहुधा तारा लागतात. तिसरा सहज ओळखू येतो. मते फुटतात ती पहिल्या-दुसऱ्याच्या सीमेवर. शिवाय लहान मुलाच्या कोपरात सहा ठिकाणी मऊ कूर्चेचे हाड बनत असते, ते फोटोत तुटल्यासारखे भासते.

तेच फोटो अनेक डॉक्टरांना दाखवून याची तपासणी झालेली आहे. काही दिवसांनी तोच फोटो पाहून तोच डॉक्टरही कधी वेगळा प्रकार सांगतो! मते किती जुळली हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० साली 'कॅपा' हा आकडा काढला. दोघांनी नाणे उडवून उत्तरे दिली तरी निम्मी जुळतात. असे फुकटचे जुळणे त्यात वजा होते. आम्हा हिशेबवाल्यांना हे पटते.

तथागतांनी कालामांना सांगितले, केवळ कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. तेव्हा दुसरे मत जरूर घ्या. पहिल्यांनी काय सांगितले ते मात्र आधी बोलू नका, फक्त फिल्म पुढे ठेवा. समोरून आणि बाजूने, असे दोन्ही फोटो हवेत. प्लास्टर घातल्यावर आठवड्याने पुन्हा फोटो काढायला सांगितले तर तो खर्च वाचवू नका, हाड सरकलेले तेव्हाच कळते.

हाडवैद्याची चोळणी आणि आवळून बांधलेल्या पट्ट्या यांनी रक्त अडून हात कायमचा आखडू शकतो. प्लास्टरमध्येही बोटे गार वा फिकी पडली, सरळ करताना पोर किंचाळले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या.