मोरपंखीची छाटणी : किती उतरवावे, किती राखावे

मुंबई–पुणे जुन्या महामार्गावर, पनवेल आणि खालापूर यांच्या दरम्यान लोधिवली हे गाव आहे. पाताळगंगेच्या खोऱ्यातील कारखाने जवळ, आणि मान वर केली की इर्शाळगड व प्रबळगड यांचे कडे. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात मुंबई व पनवेलच्या अनेक व्यापारी कुटुंबांनी जागा घेतल्या, घरे बांधली. घर उभे राहिले की फाटकाच्या दोन्ही अंगांस मोरपंखी लावावयाची, ही जणू रीतच होऊन बसली. लावताना गुडघ्याएवढे असलेले ते रोप वीस वर्षांत बारा फुटांवर जाते. मग कधी फाटक रुंद करण्याची वेळ येते, कधी कुंपणाच्या भिंतीस तडा जातो, कधी शेंडा विजेच्या तारेस भिडतो. माळी सांगतो, ‘तोडून टाकू.’ घरातील वडीलधाऱ्यांच्या जिवावर येते, कारण ज्या हातांनी ते लावले ते हात अद्याप घरातच असतात. अशा वेळी एखादा तरुण सुचवतो की याचा बोन्साय करावा. बारा फुटांचे झाड दीड फुटावर आणून उथळ कुंडीत जगवावे.

ही कल्पना ऐकावयास सोपी आणि करावयास अवघड आहे. शिवाय जैन गृहस्थाच्या घरात तिच्याबरोबर एक प्रश्नही येतो. वनस्पती हा एकेंद्रिय जीव. केवळ शोभेसाठी त्याचे अंग छाटावे काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्यास बगल देऊ नये. अनेक मंदिरांच्या भिंतींवर लेश्यावृक्षाचे चित्र असते. भुकेलेले सहा वाटसरू जांभळीच्या झाडाखाली येतात. पहिला झाड मुळापासून तोडू म्हणतो, मधले चौघे उतरत्या क्रमाने कमी कमी मागतात, आणि सहावा गळून पडलेली फळेच वेचू म्हणतो. भूक सहाही जणांची सारखीच. झाडाचा जीव मात्र प्रत्येकाच्या मागणीगणिक अधिक-उणा धोक्यात येतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्माचा, म्हणजे वृक्षतोडीवर चालणाऱ्या धंद्याचा, स्पष्ट समावेश आहे. तेव्हा निरोगी, कोणासही अडसर नसलेले उंच झाड हौसेसाठी कापणे हे या घरांत बसणारे नाही. रानातून जुनी झाडे उपटून आणणेही नाही. परंतु ज्या झाडाचे जाणे अन्य कारणाने ठरलेलेच आहे, त्याचा प्रश्न वेगळा. तेथे समूळ तोड हा पहिला वाटसरू आहे आणि जपून केलेली छाटणी ही त्याच्या बऱ्याच खालची पायरी. मुंबईत जुन्या इमारतींच्या भिंतींत उगवलेले पिंपळ-वड अलगद सोडवून कुंडीत वाढविणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या कृतीमागे हाच विचार असतो. बोन्साय करावयाचा तर अशाच झाडाचा करावा, ही पहिली मर्यादा.

दुसरी मर्यादा त्या झाडाच्या जातीची. लहानपणी पुस्तकात ‘विद्या’ म्हणून जे पान ठेवले जाई, ते याच मोरपंखीचे. हे झाड मूळचे चीनकडचे, सूचिपर्णी वर्गातील. देवदार, चीड, सुरूची आठवण करून देणारे सायप्रस, जुनिपर ही त्याची भावंडे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत या वर्गातील एकही वृक्ष नैसर्गिकरीत्या उगवत नाही. आपल्याकडे जी काही सूचिपर्णी झाडे दिसतात ती कोणी ना कोणी आणून लावलेली आहेत. किनाऱ्यावरचे सुरू तसे दिसते खरे, पण ते सूचिपर्णी नव्हे. त्यास फुले येतात. त्यामुळे वड, पिंपळ, चिंच यांच्या छाटणीचा जो अनुभव आपल्या माळ्यांच्या हातांत आहे, तो येथे उपयोगी पडत नाही. उलट घात करतो.

वडाचे खोड कोठेही कापा, काही आठवड्यांत सालीतून नवे कोंब डोकावतात. जुन्या लाकडात निद्रिस्त डोळे असतात, ते जागे होतात. मोरपंखी, जुनिपर, चीड यांच्या जुन्या, पर्णहीन लाकडात असे डोळे बहुधा शिल्लक नसतात. ज्या फांदीवर हिरवे काही उरले नाही, ती फांदी पुन्हा फुटत नाही. खोड शेवटच्या हिरव्या फांदीच्या खाली कापले तर उरतो तो खुंट. म्हणून येथे कोठे कापावे हे आधी ठरत नाही. आधी खोडाच्या तळाशी जिवंत हिरवी फांदी कोठे आहे ते शोधावे लागते, आणि उंची त्यावरून ठरते.

व्यापारी घरांस आकड्यांनी गोष्ट लवकर पटते, म्हणून हा हिशेब पाहावा. बोन्सायचा एक प्रचलित ठोकताळा असा की झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या सुमारे सहापट असावी. मग लहान झाडही जुन्या वृक्षासारखे दिसते. फाटकावरील मोरपंखीचा बुंधा ३ इंच असेल तर उंची १८ इंच, म्हणजे दीड फूट. झाड १२ फुटांचे, म्हणजे १४४ इंचांचे. त्यातील १२६ इंच, साडेदहा फूट, उतरवावे लागणार. आठांतील सात भाग गेले आणि एक उरला. तो उरलेला आठवा भाग जगावयाचा असेल तर त्या १८ इंचांत निदान एक-दोन सशक्त हिरव्या फांद्या असल्याच पाहिजेत. पुष्कळदा त्या नसतात. वरच्या दाट पानोऱ्याच्या सावलीने खालच्या फांद्या कधीच वाळून गेलेल्या असतात. तसे असेल तर दीड फुटाचा हट्ट सोडावा. हिरवी फांदी तीन फुटांवर असेल तर झाड साडेतीन फुटांचे ठेवावे, मोठ्या कुंडीत लावावे आणि समाधान मानावे.

साडेदहा फूट एका दिवसात उतरविणे हीही चूक आहे. पाने झाडाचे अन्न तयार करतात. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक हिरवे काढू नये, असा सावध नियम आहे. म्हणून फाटक रुंद करण्याचा विचार ज्या वर्षी मनात येतो त्याच वर्षी तयारी सुरू करावी. पहिल्या वर्षी शेंडा आठ फुटांवर आणावा आणि वरचा पानोरा विरळ करावा, म्हणजे तळाशी ऊन पोहोचेल. शेंड्याचा कोंब खालच्या कोंबांची वाढ दाबून ठेवीत असतो. तो गेला की खालच्या हिरव्या फांद्या जोर धरतात. दुसऱ्या वर्षी पाच फूट. याच दोन वर्षांत बुंध्यापासून फूटभर अंतरावर चर खणून मुळे तोडावीत. एका वर्षी अर्धे वर्तुळ, पुढच्या वर्षी उरलेले अर्धे. तुटलेल्या जाड मुळांच्या टोकांस आत बारीक तंतुमुळे फुटतात आणि झाड हलविताना तीच त्यास तारतात. तिसऱ्या वर्षी मातीच्या गोळ्यासह झाड काढून खोल लाकडी खोक्यात लावावे आणि त्या वर्षी फांद्यांस हात लावू नये. मुळे आणि पाने यांच्यावर एकाच हंगामात घाव घालणे हे अशी झाडे मरण्याचे मोठे कारण असते. झाड नवे हिरवे कोंब टाकू लागले की चौथ्या वर्षी अखेरची उंची ठरवावी. वरच्या खोडाचा बोटभर भाग साल सोलून तसाच ठेवला तर तो वाळून रुपेरी होतो आणि वीज पडलेल्या जुन्या वृक्षाची आठवण देतो. जपानी लोक त्यास ‘जिन’ म्हणतात. उथळ कुंडी त्यानंतर एक-दोन वर्षांनी. म्हणजे पाच-सहा वर्षांचा हा व्यवहार आहे.

लोधिवलीच्या हवामानाने यात आपल्या अटी घातल्या आहेत. खालापूर तालुक्यात पाऊस सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि तो चार महिन्यांत कोसळतो. भातखाचराची चिकट माती कुंडीत भरली तर श्रावणातच मुळे कुजतात. त्याऐवजी वीटचुरा, बारीक खडी व जाड वाळू यांत थोडे कुजलेले खत मिसळावे. वीटचुरा चाळून घ्यावा आणि चाळणीखालची धूळ फेकून द्यावी, कारण तीच पाण्याची वाट बुजविते. मुसळधार पावसात कुंडी एका बाजूने कललेली ठेवली तर पाणी साचत नाही. छाटणी व कुंडीबदल माघ-फाल्गुनात, थंडी ओसरताना करावेत. नंतरच्या चैत्र-वैशाखात झाडास दुपारची सावली लागते. पावसाळ्यात मोठे घाव घालू नयेत, ते ओले राहून बुरशी धरतात. चातुर्मासात खणणे-कापणे टाळण्याची आपल्या घरांची चाल आणि या झाडाची गरज येथे एकमेकांस पूरक ठरतात. आकार देण्यासाठी गुंडाळलेली तार तीन-चार महिन्यांनी तपासावी. आपल्या उष्ण हवेत खोड लवकर जाड होते आणि तार सालीत रुतते.

दोन बाबी या घरांनी विशेष ध्यानी घ्याव्यात. बोन्सायसाठी विकल्या जाणाऱ्या तयार खतांत हाडांचा चुरा किंवा मासळीचा अर्क असू शकतो. वेष्टणावरील घटक वाचूनच खत घ्यावे. करंज, कडुनिंब वा शेंगदाण्याची पेंड हे काम उत्तम करते. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. तेथे डासांच्या अळ्या होतात, आणि एका जीवास वाचविण्याच्या खटपटीत अनेक जीवांचे निमित्त होते.

कायद्याचाही विचार हवा. ग्रामीण भागासाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ असे वृक्ष आहेत, मोरपंखी नाही. तरीही झाड रस्त्याच्या हद्दीवर असेल तर ग्रामपंचायतीस विचारून घेणे शहाणपणाचे.

फाटकावर मोरपंखीऐवजी नाताळात सजविले जाणारे उंच, मजल्या-मजल्यांचे आरोकारिया असेल तर मात्र या वाटेस जाऊ नये. ते मूळचे दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरचे. शेंडा कापल्यावर त्याच्या खोडास नवे कोंब फुटू शकतात, परंतु त्याच्या फांद्यांची चक्रे इतकी दूरदूर असतात की लहान झाडाचा आकार साधत नाही. त्याच्या बाजूच्या फांदीची कलम लावली तर ती सरळ उभी वाढतही नाही, आडवीच पसरते. त्यास जागा देता आली तर जागा द्यावी, हेच बरे.

बोन्साय हे जपानी नाव, पण कुंडीतील वामनवृक्षांची परंपरा चीनमधून तेथे गेली. आता ती महाराष्ट्रातही रुजली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय एकत्र मांडून विश्वविक्रम नोंदविला. तेथे जमलेल्या प्रत्येक झाडामागे कोणी तरी अनेक वर्षे दररोज पाणी घातले होते.

व्यापारी कुटुंबांस ही छाटणी अन्य रूपातही ओळखीची असेल. पेढी अडचणीत आली, कर्जाचा बोजा झेपेनासा झाला, की व्यवहार आवरता घ्यावा लागतो. तेव्हाही कोणते दुकान बंद करावे यापासून सुरुवात केली तर वाद संपत नाहीत. रोख उत्पन्न देणारी एक तरी शाखा कोठे आहे, हे आधी पाहिले तर ती राखून बाकीचे टप्प्याटप्प्याने कमी करता येते. सारे एकाच वर्षी छाटले तर देणी फिटतात, पण पेढी पुन्हा फुटत नाही.

सूचिपर्णी बोन्साय किती काळ जगू शकतो, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. जपानमधील हिरोशिमा येथे यामाकी नावाच्या कुटुंबाची रोपवाटिका होती. त्यांच्याकडे एक पांढरा चीड होता, १६२५ पासून कुंडीत वाढविलेला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशास असलेले हे झाड वाचले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने त्या देशास बोन्साय भेट दिले, त्यांत मासारू यामाकी यांनी हे झाड दिले. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्यालाच ते दिले आणि झाडाची कहाणी सांगितलीही नाही. २००१ मध्ये यामाकींचे नातू वॉशिंग्टन येथील उद्यानात आजोबांचे झाड पाहावयास आले, तेव्हा ती तेथील लोकांस कळली. ते झाड आजही तेथे आहे.

चारशे वर्षे म्हणजे पंधरा-सोळा पिढ्या, आणि कुंडीतील झाड उन्हाळ्यात दोन दिवसही पाण्यावाचून राहू शकत नाही. म्हणून लोधिवलीच्या फाटकावरील मोरपंखीस करवत लावण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे : सारे कुटुंब शिखरजीच्या यात्रेस जाईल, तेव्हा या कुंडीस पाणी कोण घालील? नाव निश्चित झाले, तर माघात कामास लागावे. नाव सुचत नसेल, तर फाटकाचा नकाशा पुन्हा एकदा उलगडून पाहावा. झाड आहे तेथेच राहील अशी हातभर जागा त्यात कदाचित निघेल.